डावं पारडं

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर भाऊनं कागद टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यावर आडवं ठेवलं. समोरून नकार येईल अशी धास्ती असली की भाऊ सगळी तयारी अशी आधीच करून ठेवतो.

कागद एका पानाचा होता. थोरली बहीण आक्का औषधाच्या चाचणीतून आपण होऊन बाहेर पडते आहे, एवढंच त्यात लिहिलं होतं आणि खाली सहीसाठी रेघ होती. उद्या सकाळी दहाला हॉस्पिटलात चौथ्या महिन्याची तपासणी होती. त्याआधी हा कागद दिला तर दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्यात जागा मिळणार होती. तिथेही मेंदूतल्या गाठीवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, पण लहानशी, आणि तिथे कुणाला खरं औषध नि कुणाला खोटं असा प्रकार नव्हता. जो जाईल त्याला खरंच. जागा एकच उरली होती आणि ती उद्यापर्यंतच धरून ठेवणार होते. इथून एकदा बाहेर पडलं की परत येता येणार नव्हतं, हेही कागदावर होतं, जरा बारीक अक्षरात.

"सही आई करणार," बारकी म्हणाली. "टोपण तू कशाला काढलंस?"

बारकी आक्काची एकुलती एक मुलगी. तिशी ओलांडली, घरातल्या कारखान्याच्या दारातून येताना मान वाकवावी लागते, तरी नाव बारकीच राहिलं. शाळेत गणित शिकवते. चार महिने रजा टाकून आईपाशी राहिली होती. भाऊमामाशी तिचं कधी वाकडं नव्हतं; किंबहुना बाप गेल्यावर तिला सायकल शिकवण्यापासून सगळं या मामानंच केलं. म्हणूनच आजचं बोलणं दोघांनाही जड जात होतं.

मागच्या खोलीत आक्का खुर्चीत डुलकी घेत होती. तिची झोप मोडू नये म्हणून भाऊ, त्याची बायको आणि बारकी, तिघंही हळू आवाजात बोलत होते, आणि हळू बोलल्यानं भांडण जास्तच झोंबत होतं.

या घरात तीन पिढ्या वजनकाटे दुरुस्त होतात. औषधवाल्यांचे, सोनारांचे, टपालखात्याचे, प्रयोगशाळांचे. पुढच्या खोलीत दुरुस्ती, मागच्या खोलीत तपासणी, आणि मधल्या भिंतीत हातभर रुंदीची एक खिडकी. जो दुरुस्त करतो तो तपासत नाही. जो तपासतो त्याला काट्यात काय बिघडलं होतं, कुणाचा हात लागला, यातलं काही सांगायचं नाही. काटा खिडकीत ठेवायचा, लाकडी झडप ओढायची आणि गप्प बसायचं. हा नियम भाऊ-आक्काच्या आजोबांनी घातला, त्यांच्या धाकट्या भावानं दुरुस्त करून स्वतःच तपासलेल्या औषधाच्या काट्यात चूक राहिल्यानंतर. त्या चुकीत एक लहान मूल गेलं होतं. ती गोष्ट घरात कुणी पुन्हा काढत नाही, नियम मात्र सगळे पाळतात.

आक्का तीस वर्षं त्या मागच्या खोलीत तपासायला बसली. चाचणीत निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना नुसती भुकटी मिळते, कोणाला काय मिळतं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, हे डॉक्टर तिला समजावू लागले तेव्हा तिनं त्यांना मध्येच थांबवलं. हे आमच्याच घरचं काम आहे, म्हणाली, सही कुठे करू ते सांगा. गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला होती, निघेल तेवढी काढली होती, पण ही जात परत वाढते हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं. तरी त्या दिवशी ती हसत घरी आली. आपल्या कामाची माणसं भेटल्याचा तो आनंद होता, असं बारकीला वाटलं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तो हात आला.

सकाळची वेळ होती, भाऊ तिला चहा द्यायला गेला होता. आक्कानं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला, कुणाची राहिलेली पिशवी बाजूला सरकवावी तसा मांडीवरून सरकवला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबांचा हात इथंच राहिलाय बघ."

भाऊ हसला. मग त्यानं हाताकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. करंगळी आत वळलेली होती. त्यांच्या वडिलांची करंगळी तरुणपणी वीस किलोच्या वजनाखाली सापडून अशीच आत वळली होती. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती.

वडिलांच्या तळहाताचा दरारा होता. कुणी पितळी वजन खालून कोरून आत हलकं काही भरलं, तर ते हातात घेऊन डोळे मिटायचे आणि एकच शब्द बोलायचे. पोकळ. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. भाऊला ते कधी जमलं नाही, आणि ते शल्य भाऊनं कधी लपवलंही नाही. तेव्हा तो हात परत आल्यावर भाऊनं काय करावं? आक्काच्या गोळ्यांची बाटली काढली. आधी घरातल्या सगळ्यात नाजूक काट्यावर एकेक गोळी तोलून पाहिली होतीच, सगळ्या सारख्या भरल्या. मग आक्काच्या डाव्या तळव्यावर तिची गोळी ठेवली आणि उजव्यावर सर्दीची एक साधी गोळी, त्याच मापाची. ज्याचं वजन करायचं ते डावीकडे आणि माहितीचं ते उजवीकडे, ही काट्याची रीतच आहे. आक्कानं डोळे मिटले.

"बाबा म्हणतात पोकळ," ती म्हणाली.

तीन दिवस भाऊनं तीन वेगवेगळ्या गोळ्या दिल्या. तिन्ही दिवस उत्तर तेच आलं. चौथ्या दिवशी तो दुसऱ्या दवाखान्याचा पत्ता शोधू लागला.

"खोट्या गोळीतही भुकटी असते, मामा," बारकी आता विसाव्यांदा सांगत होती. "वजन सारखंच ठेवतात. कुठल्याच हाताला कळणार नाही."

"आपल्या हाताला कळणार नाही," भाऊ म्हणाला.

हाताची भीती बारकीलाही वाटत होती. हॉस्पिटलातल्या परिचारिकेनं पहिल्याच दिवशी एक वही दिली होती. रोज त्यात लिहायचं, झोप, उलटी, डोकेदुखी, चालणं. आणि काही नवीन दिसलं तर तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा. बारकीनं वही चोख ठेवली होती. फक्त हाताबद्दल तिनं एक ओळही लिहिली नव्हती. लिहू नकोस, भाऊ म्हणाला होता, ते गोळ्या बंद करतील नाहीतर वेडाची औषधं देतील, आणि हात बोलायचा थांबेल. गणिताच्या बाईनं हे ऐकून घेतलं, याची लाज तिला एकटीला असली की वाटायची.

भाऊची बायको इतका वेळ ताटं गोळा करत होती. घरात सगळे तिला वहिनी म्हणतात, बारकी तेवढी मामी. या प्रकरणात ती पहिल्या दिवसापासून नवऱ्याच्या बाजूनं होती, आणि त्याला कारण होतं. सासऱ्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांचं सगळं तिनं केलं. तो हात धुतला, पुसला, नखं काढली. अंगठ्यानं तर्जनीचं टोक चोळत राहायची त्यांची सवय तिला जेवढी माहीत होती तेवढी त्यांच्या मुलांनाही नव्हती. गेल्या आठवड्यात ती आक्काच्या खोलीत चादर बदलायला गेली. आक्का खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा डावा हात खुर्चीच्या कडेला लोंबत होता. हाताचा अंगठा तर्जनीचं टोक चोळत होता. वहिनी चादर तिथेच टाकून बाहेर आली, आणि त्या दिवसापासून आक्काच्या डाव्या बाजूनं तिनं खोलीत पाऊल टाकलं नाही.

आता मात्र बारकी दमलेली दिसत होती. तिनं कागद आपल्याकडे ओढला, पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली की आईनं स्वतः वाचून सही केली तर मी अडवणार नाही. भाऊचे डोळे भरून आले. जिंकल्याचा आनंद त्याला झाला नाही, कारण इतका वेळ कुणीतरी आपल्याला अडवतंय याचा त्याला आधार होता.

"सही होईल," वहिनी म्हणाली. तिच्या हातात आक्काचं ताट होतं. "पण मला एक सांगा. त्यांचं जेवण आपण वाढवायचं का? रोज निम्मं बाबांसाठी ठेवतात त्या."

"म्हणजे?" बारकीनं विचारलं.

वहिनीनं ताट टेबलावर ठेवलं. तीन आठवडे ती हेच धूत होती आणि मनातल्या मनात सासऱ्यांना नमस्कार करून तो उरलेला वाटा बाहेर पक्ष्यांना घालत होती. ताटाची उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी साफ होती. डाव्या बाजूचा भात, भाजी, सगळं वाढलं होतं तसंच होतं. मधोमध सुरीनं कापावी तशी सरळ रेघ होती.

बारकी ताटाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मामी, रोज हीच बाजू?"

"रोज. बाबांची बाजू."

बारकी उठली. तिनं भाऊकडे पाहिलं, आणि गोळ्या त्यानं कुठल्या हातात दिल्या ते विचारलं. भाऊ म्हणाला, डाव्या, अर्थात डाव्या, तपासायची वस्तू डावीकडे. तिन्ही वेळा? तिन्ही वेळा. उजवीकडे ठेवून पाहिली? भाऊला प्रश्नच कळला नाही. उजवीकडे कशाला ठेवेल कुणी?

"मामा," ती म्हणाली, "दुरुस्तीही तूच केलीस आणि तपासणीही तूच."

भाऊ जागच्या जागी बसून राहिला. या घरात याहून वाईट बोलणं कुणाला कुणी सुनावलेलं नाही.

आक्का जागी झाली होती. मागच्या खोलीत दुपारचं ऊन लादीवर आलं होतं. समोरच्या भिंतीत ती खिडकी होती, झडप बंद. बारकीनं आईला सांगितलं की थोडं तपासायचं आहे, आणि आक्काचा चेहरा खुलला. भाऊच्या त्या गोळ्या सोडल्या तर चार महिन्यांत तिच्याकडे कुणी काही तपासायला दिलं नव्हतं. ती खुर्चीत ताठ बसली, उजवा हात पुढे केला, मग उजव्या हातानं डावा उचलून गुडघ्यावर ठेवला, तळवा वर करून.

"बाबाही तयार आहेत," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

भाऊला खोलीत थांबायची परवानगी नव्हती. तो पुढच्या खोलीत गेला आणि त्यानं झडप तेवढी उघडली. वहिनी त्याच्या खांद्यामागून बघत होती. बारकीनं आता अदलाबदल केली. चाचणीची गोळी उजव्या तळव्यावर, सर्दीची डाव्यावर.

आक्कानं उजवा हात जरासा खालीवर केला. "ही भरलेली," ती म्हणाली. मग मान किंचित डावीकडे कलली, कुणी कानात काही सांगतंय तशी. "आणि बाबा म्हणतात पोकळ."

खिडकीपलीकडे भाऊनं भिंतीला हात टेकला.

बारकीनं दोन्ही गोळ्या उचलल्या. शेल्फावर अर्ध्या किलोचं पितळी वजन होतं, घरचं, आजोबांच्या वेळचं. ते तिनं आईच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. हात त्या भारानं खाली गेला, गुडघ्यावरून घसरून मांड्यांच्या मध्ये आला, बोटं पांढरी पडली. आक्काचे डोळे मिटलेलेच होते. चेहरा शांत होता, कामात असताना असायचा तसा.

"पोकळ," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, काहीच नाहीये."

वहिनीला हुंदका आला आणि तिनं तो पदरात दाबला. आक्का तीस वर्षं याच खोलीत बसली होती. खिडकीपलीकडच्या शांततेचे सगळे प्रकार तिला ओळखता येत. तिनं डोळे उघडले, आणि उजवीकडे, बारकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय ठेवलं होतंस?"

"अर्धा किलो."

"कुठल्या हातात?"

"डाव्या. अजून आहे तिथंच."

आक्कानं खाली पाहिलं. तिला वजन दिसत नव्हतं हे बारकीला दिसत होतं. तिची नजर मधल्या एका रेघेपर्यंत जात होती आणि थांबत होती. मग आक्कानं उजवा हात लांब केला, चाचपडत चाचपडत पलीकडे नेला, आणि तिच्या बोटांना पितळ लागलं. ती ते बराच वेळ चाचपत राहिली. वजनाच्या बुडाशी आजोबांचा शिक्का होता, त्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तीन आठवडे."

"वहीत लिहिलंयस?"

बारकीनं नकारार्थी मान हलवली. का, ते विचारायच्या आधीच खिडकीतून भाऊचा आवाज आला. मीच नको म्हणालो, तो म्हणाला. एवढं बोलून तो थांबला, आणि मग त्याच्यानं राहवेना. आपल्याला वाटलं बाबा परत आले, आपल्याला वाटलं ते तुला वाचवतील, असं काहीबाही तो बोलत सुटला. साठीला आलेला माणूस हातभर खिडकीत तोंड घालून रडत होता. आक्कानं त्याला रडू दिलं. रागावलेली ती नक्कीच होती, तिचे ओठ आवळलेले होते. पण राग ज्याच्यावर काढायचा तो आपला एकुलता एक भाऊ आहे आणि हातात दिवस फार नाहीत, हा हिशेब तिनं तेवढ्यात मनाशी केला असावा.

"गोळीत काय आहे ते आपल्याला कळलेलं नाही," ती म्हणाली. "गोळी कुणी तपासलीच नाही. मला तपासलं."

बारकीनं तो कागद आणला होता. तो तिनं आईपुढे धरला, कारण दुसऱ्या दवाखान्यातली जागा अजूनही उद्यापर्यंत होती आणि निवड तिचीच होती. आक्का तो वाचू लागली. प्रत्येक ओळीचा डावा भाग तिला दिसत नव्हता, म्हणून बारकीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. आक्कानं तो सही न करता घडी करून परत दिला.

"काटा नापास झाला तरी वहीत लिहायचा. नुसते पास झालेले लिहिले तर ती वही कशाची? माझ्यानंतर कुणाची तरी आई तिथं बसणार आहे, बारके." ती थांबली. "घे वही. मी सांगते तसं लिही."

बारकीनं लिहिलं. तीन आठवड्यांपासून डाव्या हाताला वजन कळत नाही. डाव्या बाजूचं दिसत नाही, ताटातलंसुद्धा. डावा हात रुग्णाचा आहे, पण रुग्णाला तो वडिलांचा वाटतो. घरच्यांनी ही गोष्ट लपवली. शेवटच्या ओळीला बारकीनं पेन उचललं, तेव्हा आक्कानं ती पुन्हा सांगितली.

"अजून वाटतो?" बारकीनं विचारलं. "आता कळल्यावरसुद्धा?"

"कळलंय ना. तरी त्यांचाच आहे," आक्का म्हणाली.

वहीच्या मुखपृष्ठावरच्या नंबरवर बारकीनं फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. रविवार असूनही तीच परिचारिका बोलली. तिनं दोनच प्रश्न विचारले, हात कधीपासून आणि आज बोलणं स्पष्ट आहे का. नंतर ती म्हणाली, उद्यापर्यंत थांबू नका, आत्ता घेऊन या, मी स्कॅनची सोय करते. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता आणि त्याचीच वहिनीला जास्त भीती वाटली. तीन आठवडे लवकर कळवलं असतं तर काय झालं असतं, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. पुढेही त्या घरात ते कुणी विचारलं नाही.

वहिनीनं पिशवी भरली. आक्काला स्वेटर घालताना ती त्या चादरीच्या दिवसानंतर पहिल्यांदा डाव्या बाजूनं आली. तो हात तिनं आपल्या हातात घेतला. करंगळी आत वळलेली होती, आणि अंगठा तर्जनीचं टोक चोळत होता, सावकाश. नऊ वर्षांपूर्वी जसा धरायची तसाच तिनं तो धरला, बाहीत घातला, आणि मनगटावरची बाही नीट केली. या गोष्टीचा उलगडा डॉक्टरांनी पुढे काहीतरी केला. तिनं तो ऐकून घेतला.

गाडी बारकी चालवणार होती. आक्काला मागे बसवलं. वहिनी पुढे बसली. भाऊनं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि दार उघडून आक्काच्या डावीकडे बसला, कारण त्या बाजूला कुणीतरी बसायला हवं असं त्याला वाटलं. त्यानं तो हात आपल्या मांडीवर घेतला. हात गार होता आणि जड होता.

गाडी निघाली. गल्ली, कोपऱ्यावरचं बंद औषधाचं दुकान, पूल. आक्का उजवीकडच्या काचेतून बघत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "भाऊ आला नाही का?"

"मी आहे, आक्का," भाऊ म्हणाला. "इथंच आहे."

आक्का दचकली. तिनं समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं. आवाज जिथून आला होता तिकडे तिची मान वळेना. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ती लहानपणी त्याला भिंतीवरून खाली उतर म्हणून रागवायची तशा आवाजात म्हणाली, "अरे, तू बाबांच्या बाजूला कसा गेलास?"